नाटककाराची उपजीविका

नाटककार चित्रपटात उतरला की रंगभूमीने एक लेखक गमावला, अशी हळहळ व्यक्त करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे, आणि गिरीश कर्नाडांविषयीही ती आम्ही वारंवार ऐकली आहे. यंदाचा दिवाळी अंक नाट्यलेखनास वाहताना या हळहळीचा फेरविचार व्हावा, असे आम्हांस मनापासून वाटते. कारण कर्नाडांच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला, तर चित्रपटाने नाटककार हिरावून नेला असे न दिसता, पडद्यावरचा नट आपल्या मेहनतान्यातून घरच्या नाटककाराला पोसत होता, असेच दिसते.

त्यांचा जन्म १९ मे १९३८ रोजी माथेरानास झाला. वडील मुंबई इलाख्यातील सरकारी डॉक्टर, आई तरुणपणीच विधवा झालेली, आणि त्यांचा विवाह हे त्या काळात मोठ्या धैर्याचे कृत्य होते. या मुलाचा जन्मच होऊ नये, असा विचार करून ते दांपत्य पुण्यात एका डॉक्टर स्त्रीकडे गेले. ती वेळेवर आली नाही, आणि वाट पाहून दोघे घरी परतले. पुढे उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ‘खेळता खेळता आयुष्य’ या नावाने मराठीत आलेले आत्मचरित्र कर्नाडांनी त्या न आलेल्या डॉक्टरलाच अर्पण केले. घरची भाषा कोंकणी, शिरसी आणि धारवाडची भाषा कन्नड, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मराठी रंगभूमीच्या वैभवकाळाच्या आठवणी, आणि गावात रात्रभर चालणारे यक्षगान, अशा चौफेर संस्कारांत हा मुलगा वाढला.

ऑक्सफर्डला जाण्याची सिद्धता चालू असताना, इंग्रजीत कवी व्हावे ही महत्त्वाकांक्षा उराशी असताना, त्यांच्या लेखणीतून अकस्मात उतरले ते कन्नड नाटक, ‘ययाति’. पित्याचे वार्धक्य स्वीकारणाऱ्या पुत्राची ही कथा, घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे घेऊन निघालेल्या तरुणाला का सुचली असावी, हे सांगावयास नको. १९६१ साली धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने ते प्रसिद्ध केले. कन्नडमध्ये कसदार ऐतिहासिक नाटक नाही, ही समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटींची तक्रार त्यांनी मनावर घेतली आणि १९६४ मध्ये ‘तुघलक’ लिहिले. राजधानी हलविण्याचे फर्मान काढणारा, तांब्याचे नाणे चालविणारा तो विद्वान आणि क्रूर सुलतान स्वातंत्र्योत्तर स्वप्नभंगाचा प्रतिनिधी म्हणून साऱ्या देशाने ओळखला. मराठीत तो आणला विजय तेंडुलकरांनी. ‘हयवदन’ आणले चिं. त्र्यं. खानोलकरांनी. एका कन्नड नाटककाराच्या संहितांना मराठीतील दोन श्रेष्ठ लेखकांनी हात लावावा, याहून मोठी दाद कोणती?

मद्रासमध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या दप्तरात सात वर्षे काढून १९७० साली त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच सुमारास यू. आर. अनंतमूर्तींच्या कन्नड कादंबरीवरून पट्टाभिराम रेड्डी यांनी ‘संस्कार’ हा चित्रपट केला. त्याची पटकथा कर्नाडांची आणि प्राणेशाचार्यांची प्रमुख भूमिकाही त्यांचीच. सेन्सॉरने प्रथम अडविलेल्या या चित्रपटास पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. केवळ नाटके लिहून पोट भरत नाही, हे कर्नाड निःसंकोचपणे सांगत, आणि त्यात त्यांना कोणतेही न्यूनत्व वाटत नसे. भूमिका पडद्यावरची असो वा दूरदर्शनवरील ‘मालगुडी डेज’मधल्या पित्याची, तिच्या मानधनाने त्यांना जी मोकळीक दिली तिच्यामुळे ‘नागमंडल’, ‘तलेदंड’ ही नाटके कोणाच्याही मुदतीला किंवा मागणीला बांधली न जाता आपल्या गतीने पिकली. बसवेश्वरांच्या कल्याणातील उत्पाताचे ‘तलेदंड’ मंडल आणि मंदिर यांच्या कोलाहलात, १९९० साली यावे, ही धंदेवाईक हिशेबाची गोष्ट नव्हती.

त्यांच्या अभिनयाकडेही नाटककाराचा अभिनय म्हणूनच पाहावे, असा आमचा आग्रह आहे. तेंडुलकरांच्या पटकथेवरील ‘निशांत’मध्ये, जमीनदारांनी पत्नी पळवून नेल्यावर दारोदार दाद मागत फिरणारा शाळामास्तर, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभ्या केलेल्या ‘मंथन’मध्ये, काम अर्धवट टाकून परतावे लागणारे डॉक्टर राव, आणि आमच्या जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त स्मिता पाटील यांच्यासमोरचे वकील सुभाष महाजन, जे पत्नीशी कधी आवाज चढवून बोलत नाहीत आणि म्हणूनच ज्यांचा घाव खोल जातो: हे तिघेही शिकलेले, सभ्य आणि कुठे ना कुठे अपुरे पडणारे पुरुष. दुर्बळ पक्षालाही त्याची संपूर्ण कैफियत मांडू दिली पाहिजे, हे नाट्यलेखनाचे पहिले कर्तव्य. ते ज्याला हाडीमासी मुरले आहे तोच सुभाषचा धिक्कार न करता त्याला उभा करू शकतो. स्मिताबाईंची सुलभा इतकी उजळली, त्यात समोरच्या या संयमाचा वाटा मोठा आहे. दुर्दैवाने अभिनयाच्या चर्चेत त्याची दखल फारशी घेतली जात नाही.

‘संस्कार’मध्ये प्राणेशाचार्यांना छळणारा नारणप्पा रंगविला होता पी. लंकेश यांनी, तेही नाटककारच. त्यांची पत्रकार कन्या गौरी हिच्या हत्येस एक वर्ष झाले तेव्हा, सप्टेंबर २०१८ मध्ये, कर्नाड नाकात प्राणवायूची नळी आणि गळ्यात निषेधाचा फलक अडकवून बंगळूरच्या सभेत बसले. हिंदीतील ‘टायगर’पटांत त्यांना पाहिलेल्या तरुण प्रेक्षकांपैकी किती जणांनी या वृद्धाला तेथे नाटककार म्हणून ओळखले असेल, ठाऊक नाही, पण त्याच वर्षी त्यांचे ‘राक्षस तंगडी’ हे तालिकोटच्या १५६५ च्या लढाईवरील नवे नाटक प्रसिद्ध झाले होते, आणि पुढच्या वर्षी, १० जून २०१९ रोजी, ते गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार ना धार्मिक विधी झाले, ना सरकारी इतमाम.