पेरेदेल्किनो : लेखकाचे घर कोणाचे?

लेखकांची घरे पाहून आल्यावर लिहिल्या जाणाऱ्या भाविक लेखांविषयी आमची जुनी तक्रार आहे. त्यांत मेज, खिडकी आणि खिडकीबाहेरचे झाड यांचे वर्णन असते. ‘येथेच ते लिहीत’ असे म्हणून हात जोडले जातात. घर कोणाच्या मालकीचे होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. मॉस्कोच्या नैऋत्य कडेवरील पेरेदेल्किनो या लेखकवसाहतीत तरी हा प्रश्न टाळणे अक्षम्य आहे.

१९३०च्या दशकात सोव्हिएत सत्तेने लेखकांसाठी येथे ‘दाचा’ म्हणजे बंगल्या उभारल्या. त्यांची मालकी लेखकांकडे नव्हती. ती लेखकसंघाच्या ‘लितफोंद’ या निधीकडे होती. एकांत हा येथे सरकारी शिधा होता. आणि शिधा देणारा हात तो बंदही करू शकतो. बोरिस पिल्न्याक यांना १९३७ मध्ये येथूनच अटक झाली, इसाक बाबेल यांना १९३९ मध्ये. दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. लेखकसंघाचे प्रमुख राहिलेल्या फादेयेव यांनी १९५६ मध्ये येथेच स्वतःवर गोळी झाडून घेतली.

पाहुण्यांची पावले बहुधा पास्तरनाक यांच्या घराकडे वळतात. १९५८ मध्ये नोबेल जाहीर होताच संघाने त्यांची हकालपट्टी केली. १९६० मध्ये ते याच घरात वारले. १९८४ मध्ये कुटुंबीयांना तेथून बाहेर काढण्यात आले आणि १९९० मध्ये तेथे संग्रहालय झाले. आज भक्तिभावाने पाहिली जाणारी ही वास्तू मधली सहा वर्षे पास्तरनाक कुटुंबाला बंद होती, हे त्या मेजाइतकेच पाहण्याजोगे नाही काय?

कोणी म्हणेल, आपण कलाकृती वाचाव्यात, मालकीहक्काचे कागद कशाला? आमचे उत्तर असे, की ते कागद वाचल्याविना येथील माणसांचे मोल कळत नाही. १९६५ मध्ये सोल्झेनित्सिन यांची कागदपत्रे जप्त झाल्यावर चुकोव्हस्की यांनी त्यांना येथील आपल्या घरी आसरा दिला. घर स्वतःचे असते तर ते केवळ आतिथ्य ठरले असते. दिलेल्या छपराखाली, देणाऱ्याच्या नाराजीतील माणसाला जागा देणे हे धैर्य होते. ‘निसर्गरम्य’ हे विशेषण वापरून हा सारा हिशेब मिटविणारे प्रवासवर्णन साहित्यप्रेमाचे नव्हे, विस्मरणाचे अपत्य आहे.