गोष्टीची परीक्षा घेऊ नका

‘लेकरं वाचतच नाहीत, मोबाईलनं वाटोळं केलं.’ लातुरात हे घरोघरी ऐकू येतं. मला ते पटत नाही. मोबाईल नव्हता तेव्हाही आपल्याकडं वाचन म्हणजे अभ्यासच होता. मी लातूर पॅटर्नमधलाच. गोष्टीचं पुस्तक हातात दिसलं की ‘आधी अभ्यासाचं वाच’, आणि दहावी होईपर्यंत ते पुस्तक कपाटावर. सराव परीक्षांनी मला इंजिनिअर केलं, मान्य. पण विशीत पहिली कादंबरी उघडली तेव्हा दर पानाला वाटायचं, यावर प्रश्न काय येईल?

परवा ताईनं ४ वर्षांच्या भाचीला गोष्ट वाचून दाखवली. संपताच विचारलं, ‘काय शिकलीस?’ पोरगी उठून पळाली. बरोबर केलं तिनं.

पुस्तकं नाहीत ही सबब सांगू नका. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत. ज्या मोबाईलला शिव्या देता, त्यावरच! रात्री १० मिनिटं लेकराला जवळ घेऊन वाचा. तीच गोष्ट दहादा मागितली तर दहादा वाचा. शेवटी एकही प्रश्न विचारू नका. ‘नीट’ला अजून तेरा-चौदा वर्षं आहेत.