पस्तीस दिवस येरवड्यात, पुढे काय?



येरवडा म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ. तुरुंगाचे नाव १९३२ च्या पुणे कराराने इतिहासात गेले. इस्पितळाचे नाव मात्र धमकी म्हणून उरले. जास्त बडबड केलीस तर येरवड्याला पोचवीन, असे घरातली मोठी माणसे सहज बोलून जातात. (वऱ्हाडात येरवड्याच्या जागी नागपूरचे नाव घेतात, एवढाच काय तो फरक.) पण येरवड्यात तिसरीही एक गोष्ट आहे. ती आपल्या कामाची आहे, म्हणून आज तिच्याविषयी लिहितो आहोत.

ती म्हणजे मुक्तांगण. २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, तेही त्या वेड्यांच्या इस्पितळाच्याच आवारात. त्या काळी पुण्या-मुंबईच्या पोरांना गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, धरले होते. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पैशाचे पाठबळ दिले आणि मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी जबाबदारी अंगावर घेतली. अनिताताई १९९७ साली कर्करोगाने गेल्या, डॉ. अवचट २०२२ साली गेले. काम चालू आहे. येरवड्यातच आता मुक्तांगणाची स्वतःची इमारत आहे. सुरुवात गर्दपासून झाली तरी दारूचे रुग्ण तिथे मोठ्या संख्येने येऊ लागले.

कोणी म्हणेल, कापसाच्या भावाची बैठक आणि मध्येच हा दारूचा विषय कशाला? कारण हा विषय आपल्या विरुद्ध कायम वापरला जातो. शेतकरी दारू पितो, लग्नात उधळतो, म्हणून बुडतो, हे आपण साहेबांच्या तोंडून किती वेळा ऐकले! त्याला आपले उत्तर ठरलेले आहे आणि ते खरे आहे. आयुष्यात थेंबाला न शिवलेला कोरडवाहू शेतकरीसुद्धा कर्जात बुडतो, कारण बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च कापसाच्या पट्टीतून निघत नाही. माळकऱ्याच्या सातबारावरही बोजा आहेच. या उत्तरात काना-मात्रेचाही बदल करायची गरज नाही.

पण कर्ज दारूने झाले नाही म्हणून घरात दारू नाही, असे होत नाही. कर्जाचा हिशेब वेगळ्या वहीत, काळजा-यकृताचा वेगळ्या. साहेबाला उत्तर देता यावे म्हणून दुसरी वही मिटून ठेवली, तर तिचे व्याज घरातल्या बाईने भरायचे असते. ती आपल्या बैठकीला येते, मागच्या रांगेत बसते आणि भावावरचे भाषण ऐकून घरी जाते. तिच्या प्रश्नाला आपल्या व्यासपीठावरून काही उत्तर मिळायला नको का?

आधी एक गोष्ट साफ करू. रोज पिणाऱ्याचे पिणे ही खोड उरत नाही, तो आजार होतो. रोजची एकदम बंद केली की काय होते, हे पुष्कळ घरांनी पाहिले आहे. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत काहींना फिट येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात, माणूस अंगावर धावून जातो. गाव म्हणते, बाहेरचे झाले. मग देवऋषी येतो, कोंबडे कापले जाते. बाहेरचे काही नसते. दारूची सवय झालेला मेंदू दारू तुटल्याने बिथरलेला असतो. या अवस्थेत दवाखाना मिळाला नाही तर माणूस दगावू शकतो. मिळाला तर काही दिवसांच्या गोळ्या, सलाईन आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी बहुतेक जण त्यातून निघतात. औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. तेव्हा 'मर्द असशील तर आजपासून सोड' अशी शपथ रोज पिणाऱ्याला घालून त्याला घरात कोंडू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.

आणखी एक. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती आपण वाचतो. पुडी भाजीत किंवा चहात टाकायची आणि पैसे मनीऑर्डरने किंवा मोबाइलवरून पाठवायचे. बाई बिचारी वेचणीचे पैसे साठवून ती पुडी मागवते. पुडीत काय आहे ते तिला ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाची एक खरी गोळी आहे. ती घेतल्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल होते, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. पिणाऱ्याला सगळे सांगून, त्याच्या राजीखुशीने आणि डॉक्टरच्या नजरेखाली दिली तर ती उपयोगी पडते. चोरून दिली तर जीव घेऊ शकते. माणसाला फसवून बरे करण्याचे औषध अजून निघालेले नाही.

औषधाचा भाग जर आठवडाभरात उरकतो, तर मुक्तांगणात पस्तीस दिवस कशासाठी? येरवड्याकडून शिकायचे ते इथेच आहे. तिथे दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात. सकाळी उठून व्यायाम, योगासने, मग गटात बसून बोलणे. वॉर्डाची झाडलोट तेच करतात. घरी ज्याने पाण्याचा तांब्या उचलून ठेवला नाही, तो तिथे झाडू हातात घेतो, आणि शेजारी झाडू मारणारा कदाचित मोठ्या पगाराचा अधिकारी असतो. समजावून सांगणारे जे समुपदेशक आहेत, त्यांतले बरेच जण स्वतः एकेकाळी व्यसनात बुडालेले होते आणि तिथेच बाहेर पडले. पिणारा माणूस थापा मारण्यात तरबेज होतो. बायकोला, आईला, सोसायटीच्या सचिवाला, सगळ्यांना तो गुंडाळतो. पण समोर बसलेल्यानेही पूर्वी हाच धंदा केलेला असला की थाप पचत नाही. शिवाय समोरचा माणूस सावरलेला दिसतो आहे, हे दिसणे शंभर भाषणांना भारी आहे. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघे अट्टल दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस निघाली. तिथेही युक्ती हीच होती.

या रीतीचा पाया धाक नाही, हे लक्षात घ्या. केंद्राच्या नावाखाली माणसाला कोंडणाऱ्या आणि बदडणाऱ्या जागा देशात निघाल्या आहेत. येरवड्याशी नावाचे साम्य असलेले तमिळनाडूतले एरवाडी आठवा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या एका आश्रमात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. माणूस हाताबाहेर गेला की त्याला बांधून ठेवायचे, हा विचार आपल्या गावातही आहे. गोठ्यात बांधलेली माणसे आपण पाहिली आहेत.

मुक्तांगणाने बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला, याचे आम्हाला सर्वांत जास्त महत्त्व वाटते. आपल्याकडे नवरा पितो म्हणजे बायकोतच काही खोट, असे सासू म्हणते आणि गावही म्हणते. मग ती झाकत राहते. गुत्त्याची उधारी तीच फेडते, शाळेतल्या गुरुजींना पोराच्या फीबद्दल तीच काहीबाही सांगते, पाव्हणे आले की ह्यांना ताप आहे म्हणते. दिवसभर कापूस वेचून किलोवर मिळालेली मजुरी संध्याकाळी लपवायची कुठे, हा तिचा रोजचा प्रश्न. तिला झोप नाही, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, आणि दवाखान्यात गेली तर रक्त कमी म्हणून लाल गोळ्या मिळतात. तिच्यासारख्या चौघी एकत्र बसल्या आणि त्याच्या पिण्याचा दोष माझा नाही एवढे जरी तिला पटले, तरी तिच्या दुखण्याला उतार पडायला सुरुवात होते. या उपचाराला ना यंत्र लागते ना इमारत. लागते एक सतरंजी आणि आठवड्यातला एक तास.

आता पस्तीस दिवस संपले असे धरा. माणूस धुतल्या तांदळासारखा होऊन एसटीतून उतरला. स्टँडसमोरच ठेका. पारावर जुने दोस्त. बाटली सोडलीस ती सोडलीस, आमच्यात बसायचेही सोडलेस का, असा टोमणा. मग पोळा येतो, लग्नसराई येते, निवडणूक येते, आणि निवडणुकीत तर पाणी महाग आणि दारू फुकट. त्यात कपाशीला बोंडअळी लागली की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी तो पुन्हा प्याला तर गाव म्हणते, बघा, पैसे पाण्यात गेले. गेलेले नसतात. मधुमेहाची साखर एकदा वाढली म्हणून आपण माणसाला टाकून देतो का? हा आजार उलटणारा आहे. उलटला की पुन्हा हात द्यायचा असतो. म्हणून तर मुक्तांगण बाहेर पडलेल्यांना पुन्हा पुन्हा सभांना बोलावत राहते. पुणे-मुंबईच्या माणसाला ते जमते. घाटंजीच्या किंवा माजलगावच्या माणसाला एका सभेसाठी रात्रभराचा प्रवास, जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन दिवसांचा खाडा. खुद्द पस्तीस दिवसांचेच पाहा. पेरणीत ते निघणार नाहीत, वेचणीत निघणार नाहीत. निघाले तर फाल्गुन ते वैशाख. आजार काही पंचांग पाहून येत नाही.

सरकारचे वागणे पाहा. दारूच्या उत्पादन शुल्कापोटी दरवर्षी हजारो कोटी रुपये राज्याच्या तिजोरीत जमा होतात. त्या मानाने परत काय येते? येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये कित्येक दशके साऱ्या राज्याला पुरवली. एकट्या येरवड्यात अडीच हजारांवर खाटा, आणि त्या दशकांत मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. क्षयरोगाचे पाहा म्हणजे सरकारला काय जमते ते कळेल. क्षयाची गोळी गावात मिळते, आशाताई पाठपुरावा करते आणि २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पैसे जमा होतात. दारूच्या रुग्णाला मात्र सांगतात, पुण्याला जा.

जिल्ह्यात हे होऊ शकत नाही, असे कोणी म्हणू नये. गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च' संस्था आणि सरकार यांनी मिळून मुक्तिपथ चालवले. तालुक्याच्या गावी व्यसन उपचाराचे क्लिनिक आणि खेड्यात शिबिरे, असा त्याचा धडा आहे. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तरीही क्लिनिकची गरज पडली, हे बंदीवाल्यांनी ध्यानात घ्यावे. वर्ध्याची बंदी १९७५ पासूनची. चंद्रपूरची २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी यावर वाद घालायला हरकत नाही, पण ठेक्याला कुलूप लागले म्हणून थरथरणारा हात थांबत नाही.

आणि आता कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक आजार या कायद्यात धरलेले आहेत. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत उपचार मिळणे हा हक्क आहे, आणि जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असे त्याचे १८ वे कलम सांगते. हे कलम आपल्यातल्या कितीजणांनी वापरले? साहेब आपणहून तर सांगणार नाहीत.

तेव्हा पुढल्या बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. चौघांनी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा: दारू सुटतानाच्या उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात किती खाटा आहेत, मनोविकार तज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, उपजिल्हा रुग्णालयात ती औषधे मिळतात की नाही. अर्जाची पोच घ्यावी. गावातला कोणी येरवड्याहून किंवा आणखी कुठून बरा होऊन आला असेल, तर बाजाराच्या दिवशी तासभर त्याच्याबरोबर बसणारी दोन माणसे ठरवावीत. जमल्यास त्यांतला एक पूर्वी पिणारा असावा. बायकांची बैठक वेगळी घ्यावी आणि तिथे पुरुषांनी भाषण करू नये. फवारणीचे औषध ज्या घरात उघड्यावर असेल, तिथे कुलपाची पेटी करून घ्यावी, किल्ली पिणाऱ्याकडे नसावी. रात्री-अपरात्री कोणाचे मन फारच खचले असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. हा नंबर सोसायटीच्या आणि जिनिंगच्या भिंतीवर लिहून टाकावा. शल्यचिकित्सकांची उत्तरे बैठकीत वाचली जातील. ज्या जिल्ह्याचे उत्तर आले नाही, त्याचे नावही वाचले जाईल.