फार दिवसांनी नाना...

पीएल! ही दोन अक्षरं वाचून आजही तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर तुम्ही नक्की इंजिनीअर. बाकीच्यांसाठी खुलासा : पीएल म्हणजे प्रिपरेशन लीव्ह. कॉलेज बंद, अभ्यास सुरू... निदान कागदावर तरी. मी पडले मास कॉमवाली. आमच्याकडे आदल्या रात्री झेरॉक्स हा एकच फंडा. त्यामुळे पीएल नावाचं प्रकरण मला भेटलं ते थेट वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कर्वेनगरच्या माझ्या वनबीएचकेत.

झालं असं, की माझा मावसभाऊ छोट्या (उंची सहा फूट, नाव तरीही छोट्याच) होस्टेलवर फार गोंगाट असतो म्हणून दहा दिवस माझ्याकडे राहायला आला. एक सॅक, एक लॅपटॉप आणि कम्प्युटर नेटवर्क्सचं पुस्तक. बाकी सगळे विषय क्लिअर, हा एकच बॅकलॉग. दोनदा राहिलेला. कॅम्पसमधून नोकरी लागलीय, पण ऑफर लेटरमध्ये अट स्पष्ट आहे : एकही विषय बाकी असता कामा नये. आणि खरी मेख पुढेच. मावशी-काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बार्शीत पेढे वाटून झाले होते!

"ताई, तू फक्त मला पाचला उठव. बाकी मी बघतो."

पहिले तीन दिवस त्याने बघितलंच. यूट्यूबवर, दुप्पट स्पीडने. चार रंगांचे हायलायटर आणि आयएमपी प्रश्नांची पीडीएफ. चौथ्या दिवशी चहा गाळता गाळता मी सहज विचारलं, "काय रे, मी मेल पाठवला की तो जातो कसा?" छोट्याने ओएसआय मॉडेलचे सात थर धडाधड म्हणून दाखवले.

"बरं. पण हे थर लागतात कशाला?"

शांतता. पाठांतर सॉलिड, पण 'कशाला' विचारलं की नेटवर्क गायब!

मग नियम ठरला. रोज रात्री जेवणानंतर छोट्याने एक टॉपिक मला शिकवायचा आणि तो मला कळला पाहिजे. 'सेव्ह' आणि 'सेंड'च्या पलीकडे मला काही येत नाही, म्हणजे विद्यार्थिनी म्हणून मी एकदम आदर्श.

पहिल्या रात्री थर. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्स्पोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. माझ्या काही लक्षात राहीना, तेव्हा आम्ही वाक्य बनवलं : 'फार दिवसांनी नाना ट्रेनने सासरी पोचले आज!' मग माझ्या 'कशाला'चं उत्तर शोधायला तो स्वतःहून पुस्तकात घुसला. प्रत्येक थर आपलं एकच काम करतो, वरच्याने दिलेलं पाकीट स्वतःच्या पाकिटात घालून खालच्याला देतो. त्यामुळे घरातली केबल काढून वायफाय लावलं तरी मेलच्या प्रोग्रॅमला काही फरक पडत नाही. सात थरांचं हे मॉडेल १९८४ साली स्टँडर्ड म्हणून आलं. प्रत्यक्षात इंटरनेट चालतं ते टीसीपी-आयपीवर आणि त्याचे थर साधारण चारच मोजतात. "हे मला दोन वर्षांत कुणी विचारलंच नाही गं," छोट्या म्हणाला.

दुसऱ्या रात्री सबनेटिंग. याच गणिताने त्याला दोनदा आडवा केला होता. १९२.१६८.१०.०/२६ असलं काहीतरी बघून मी उठायच्या बेतात होते, पण छोट्या म्हणाला, "सोसायटी समज. २५६ नंबर, चार विंग, एकेकीत ६४. पहिला नंबर विंगच्या पाटीला, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. राहायला उरले ६२." मी विचारलं, "मग शंभर नंबर कुठल्या विंगमध्ये?" "६४ ते १२७ वाली. दुसरी." बॉस, मला कळलं! आणि त्यालाही कळलं, की आधीच्या पेपरात ते दोन नंबर वजा करायचेच राहिले होते.

तिसऱ्या रात्री मात्र माझी विकेट पडली. पुस्तकात क्लॉड शॅनन हे नाव दिसलं. हे तर आमचे शॅनन! मास कॉमच्या पहिल्याच वर्षी सेंडर, चॅनेल, नॉइज, रिसीव्हर अशी चौकटींची आकृती काढून मी मार्क घेतले होते. ती आकृती ज्यातून आली तो १९४८चा पेपर टेलिफोन आणि टेलिग्राफच्या जगातल्या माणसाचा होता, एवढंच आठवत होतं. छोट्या सांगत होता, की ३००० हर्ट्झची लाइन आणि ३० डेसिबल सिग्नल-नॉइज रेशो असेल, तर सेकंदाला साधारण ३०,००० बिट्सच्या वर जाताच येत नाही, काहीही करा. म्हणजे 'नॉइज' ही मोजायची गोष्ट होती! मी तो शब्द पाठ करून पास झाले होते. छोट्यापेक्षा मी वेगळी कुठे होते? माझं फक्त निभावलं.

चौथ्या रात्री टीसीपीचा थ्री-वे हँडशेक. "ताई, फोनसारखं आहे. ऐकू येतंय का? हो, तुला माझं येतंय का? हो, येतंय. मग बोलायचं."

"आणि पोचल्याचं उत्तर आलं नाही तर?"

"टायमर संपला की परत पाठवायचं. यूडीपी तेवढा बेफिकीर, पाठवून मोकळा."

"छोट्या, मग बार्शीला तू काय चालवलंयस? पॅकेट पाठवलंच नाहीस, तर उत्तर कुठून येणार?"

तो काही बोलला नाही. फोन घेऊन गॅलरीत गेला. "पप्पा, एक सांगायचं होतं..." एवढंच मला ऐकू आलं. वीस मिनिटांनी परत आला. डोळे लाल.

"काय म्हणाले काका?"

"आधी काहीच नाही. मग म्हणाले, उद्यापासून पाचला मी फोन करतो. ताईची झोप मोडू नकोस."

उरलेले दिवस यूट्यूब बंद. घड्याळ लावून जुने पेपर, हाताने, कोऱ्या कागदावर. टीसीपी हेडरची आकृती न बघता काढताना पहिल्यांदा त्याचा विंडोचा रकाना गायब, पाचव्यांदा सगळं जागच्या जागी. रोज पाचला बार्शीहून रिंग. पेपरच्या आदल्या दिवशी त्याने मला शेवटचं सांगितलं ते जुन्या इथरनेटचं : एकाच तारेवर दोघं एकदम बोलले की टक्कर होते, मग दोघंही थांबतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. सोळा प्रयत्न फसले की मगच नाद सोडायचा.

"तुझा कितवा?"

"तिसरा."

"मग वाव आहे!"

पेपर झाला. सबनेटिंगचं गणित आलं होतं, त्याने दोन वजा केले. निकाल अजून लागायचाय. काका रोज फोन करतात, पण आता 'निकाल कधी?' असं विचारत नाहीत, 'जेवलास का?' विचारतात.

आणि मी? शॅननचा तो १९४८चा पेपर प्रिंट काढून टेबलावर ठेवलाय. तिसऱ्या पानावर अडलेय. रात्री छोट्याला फोन करून 'हे कशाला?' असं विचारते.

तुमचा कुठला बॅकलॉग राहिलाय?