पंतचा पाय, वोक्सचा खांदा आणि जेमिमाचे अश्रू

वर्ष सरले की वृत्तपत्रांतून क्रीडा-आढावा येतो. कोणी किती शतके ठोकली, कोणाला कोणते पदक मिळाले, याची जंत्री त्यात असते. ते काम क्रीडा-पत्रकार उत्तम करतात, त्यात मी लुडबूड करणार नाही. पण खेळाचे वेड असलेला डॉक्टर टीव्हीपुढे बसला की त्याचा एक डोळा चेंडूवर असतो आणि दुसरा खेळाडूच्या गुडघ्यावर. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "घरीसुद्धा तुमचा दवाखाना चालूच!" तेव्हा २०२५ सालातले माझ्या आवडीचे काही क्षण आज वाचकांपुढे ठेवतो. आरोग्याच्या सदरात क्रिकेट कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

पहिला मान ओव्हलचा. ४ ऑगस्ट, सोमवार. आपल्याकडे दुपारचे साडेतीन, म्हणजे दवाखाना बंद असण्याची वेळ. इंग्लंडला ३५ धावा हव्यात, हातात चार गडी. मालिकेतला पाचवा कसोटी सामना, त्याचाही पाचवा दिवस, आणि महंमद सिराज असा धावत येतो आहे की जणू मालिका आजच सुरू झाली. पाचही सामने खेळलेला आपला हा एकटाच वेगवान गोलंदाज. मालिकेत १८५ हून अधिक षटके टाकून त्याने २३ बळी घेतले. शेवटचा ॲटकिन्सनचा त्रिफळा उडाला तेव्हा आपण अवघ्या ६ धावांनी जिंकलो होतो. धावांच्या हिशेबात कसोटीतला हा भारताचा सर्वांत निसटता विजय.

पण डॉक्टर म्हणून माझ्या डोळ्यांसमोर राहिला तो वेगळाच माणूस. नववा गडी बाद झाला आणि पायऱ्यांवरून ख्रिस वोक्स उतरला. डावा हात झोळीत बांधलेला, वरून स्वेटर. पहिल्या दिवशी सीमारेषेवर चेंडू अडवताना त्याचा खांदा निखळला होता. इंग्लंडला १७ धावा हव्या होत्या. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही, पण पलीकडच्या टोकाला ॲटकिन्सन फटके मारत होता आणि याला पळणे भाग होते. प्रत्येक धावेगणिक त्याचा चेहरा वेदनेने पिळवटत होता. मी भारताच्या बाजूचा, तरीही खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

त्याआधी दहा-अकरा दिवस मँचेस्टरला आपल्या ऋषभ पंतने हेच केले होते. याच वोक्सचा यॉर्कर उलटा फटका मारताना उजव्या पायाच्या पंजावर बसला, हाड मोडले. ३७ धावांवर त्याला गाडीतून मैदानाबाहेर न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठा कठड्याला धरत, लंगडत पायऱ्या उतरून आला आणि अर्धशतक पुरे करून ५४ वर बाद झाला. माझ्या पिढीला तेव्हा २००२ सालचा अँटिग्वातला अनिल कुंबळे आठवला असणार. जबडा मोडलेला, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी आवळलेली, तशात त्याने सलग १४ षटके टाकली आणि लाराला बाद केले.

हे क्षण मला प्रिय आहेत. पण मंडळी, टीव्हीवर दिसतो तो पराक्रमाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा कॅमेरा दाखवत नाही. पंत मैदानात उतरला तो स्कॅन झाल्यावर, हाड कुठे नि किती मोडले हे कळल्यावर. आणि नंतर? पाचव्या कसोटीत तो नव्हता. पार नोव्हेंबर उजाडेपर्यंत भारताकडून तो खेळू शकला नाही. कुंबळे ती षटके टाकून शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. वोक्सने त्या डावानंतर इंग्लंडकडून पुन्हा सामना खेळला नाही. सप्टेंबरमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. धाडसाच्या त्या थोड्या मिनिटांचा हिशेब पुढे महिनोन्‌महिने चुकवावा लागतो, आणि तो चुकवायला त्यांच्यामागे डॉक्टरांची फौज असते.

आमच्याकडे काय होते ते सांगतो. यात्रांच्या दिवसांत गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. अशाच एका सायंकाळी एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दोघा मित्रांच्या खांद्यावर हात टाकून आला. घोटा मुरगळून वांग्यासारखा सुजलेला. वर कोणी तरी तेल लावून खसाखसा चोळलेलाही होता.

"डॉक्टरसाहेब, एक सुई मारा. रात्री फायनल आहे."

मी म्हटले, "फायनल विसर. आधी फोटो काढू."

"पंत नाही का खेळला मोडक्या पायावर?"

आता याला काय उत्तर द्यावे! समजावले, रागावलो, पण मित्रांना बक्षिसाची रक्कम दिसत होती. दुसरीकडे कुठे तरी जाऊन त्याने सुई टोचून घेतलीच. दुखणे थांबले, गडी चढाईला गेला, आणि त्याच पायावर दुसऱ्यांदा पडला. अस्थिबंध पुरता फाटला. पुढे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांतच पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. वर्षभर पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर ज्या १६०० मीटरसाठी तो धावत होता, ते १६०० मीटर त्याच्यावाचूनच धावले गेले. कबड्डीचा चषक मात्र मंडळाच्या कपाटात आहे.

वेदना ही वाड्यावरच्या राखणदार कुत्र्यासारखी असते. कुत्र्याला भाकरी टाकून गप्प बसवले म्हणून चोर निघून जात नाही. सुईने दुखणे दबते, फाटलेले शिवले जात नाही. घोटा मुरगळला आणि चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे हवाच. पहिले दोन दिवस चोळणे नको, शेकणे नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आवळपट्टी आणि पाय उशीवर उंच. निखळलेला खांदा तर कोणाला ओढून बसवू देऊ नका. तिथून एक महत्त्वाची नस जाते आणि कधी कधी सोबत हाडही मोडलेले असते. हात आहे त्या स्थितीत उपरण्याच्या झोळीत बांधावा आणि तडक दवाखाना गाठावा.

याच मालिकेत बुमराने पाचपैकी तीनच सामने खेळले म्हणून पानपट्टीवर त्याचा केवढा उद्धार झाला! "पैसे घेतात आणि विश्रांती मागतात." अहो, त्या माणसाच्या पाठीवर २०२३ साली शस्त्रक्रिया झाली आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत सिडनीला पाठीनेच त्याला अर्ध्यावर बाहेर बसवले होते. त्याची गोलंदाजीची ढब पाहिली की माझ्याच कमरेत चमक येते. किती खेळायचे हे आधी ठरवून तेवढेच खेळणे, यालाही हिंमत लागते. टाळ्या मात्र त्याला मिळत नाहीत.

आता एक क्षण असा, जो पाहताना मी टाळी वाजवली आणि दोन दिवसांनी बातमी वाचून चरकलो. २५ ऑक्टोबर, सिडनी. हर्षित राणाच्या चेंडूवर कॅरीचा उंच उडालेला झेल घ्यायला आपल्या मुंबईचा श्रेयस अय्यर उलटा धावत गेला, झेल घेतला आणि डाव्या कुशीवर आदळला. मैदानाबाहेर तो स्वतःच्या पायांनी गेला. बरगडीला मार बसला असेल, असे आपण समजलो. प्रत्यक्षात त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटून पोटात रक्तस्राव सुरू झाला होता. तपासणी लगेच झाली, रक्त थांबवले गेले, अतिदक्षता विभागात ठेवले, म्हणून तो वाचला.

वाचकहो, हा भाग कात्रण काढून ठेवण्यासारखा आहे. पानथरी म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा मुठीएवढा, रक्ताने भरलेला नाजूक अवयव. मोटारसायकलवरून पडताना हँडल पोटात घुसणे, बैलाची लाथ, झाडावरून पडणे, कबड्डीत पोटात बसलेला गुडघा, यांतले काहीही तिला पुरते. हिवतापाने ती वाढलेली असेल तर थोडक्या मारानेही फाटते. वरून खरचटलेलेसुद्धा दिसत नाही, माणूस उठून कपडे झटकतो आणि घरी जातो. काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही, चेहरा पांढरा पडतो, घाम सुटतो, तहान लागते, नाडी जलद होते, चक्कर येते. एक चमत्कारिक खूण म्हणजे मार पोटाला आणि दुखतो डावा खांदा! असे काही दिसले तर खायला-प्यायला न देता, सोनोग्राफीची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. हळद-दूध देऊन रात्रभर वाट पाहू नये.

असो. थोडे विदर्भाकडे वळतो. २८ जुलैला जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तिचे आई-वडील दोघेही डॉक्टर आहेत, म्हणून आमच्या जमातीला जरा जास्तच आनंद. डाव संपताच तिने आईला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. किती तरी घरांत तेव्हा "जिंकली तरी रडते काय?" असे विचारले गेले असेल.

त्याला उत्तर तीन महिन्यांनी दुसऱ्या एका मुलीने दिले. ३० ऑक्टोबर, नवी मुंबई, विश्वचषकाची उपांत्य फेरी. समोर ऑस्ट्रेलिया आणि ३३९ धावांचे आव्हान. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धावांचा पाठलाग यशस्वी करणे तोवर कोणालाच जमले नव्हते. जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या. शतक झाले तेव्हा बॅटसुद्धा उंचावली नाही; विजयी धाव निघाल्यावर मात्र बांध फुटला.

खेळी थोर होतीच. पण माझा वर्षातला सर्वांत लाडका क्षण त्यानंतरचा आहे. वार्ताहरांपुढे बसून ही मुलगी म्हणाली की, या स्पर्धेत मला चिंतेचा, घालमेलीचा त्रास होत होता. आईला फोन करून मी रडत असे. मध्यंतरी तिला एका सामन्यात संघाबाहेरही बसवले होते. हे तिने सांगितले, ते अशाच त्रासातून जाणाऱ्या कोणाला तरी उपयोग व्हावा म्हणून.

माझ्या तीसेक वर्षांच्या वैद्यकीत मी असे रुग्ण रोज पाहतो. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशात आवंढा, रात्री दोनला दचकून जाग. कार्डिओग्राम स्वच्छ, रक्त-लघवी स्वच्छ. सोबत आलेला नवरा किंवा सासू विचारते, "म्हणजे काहीच झालेलं नाही ना? नाटकं आहेत ना?" नाही हो, नाटके नाहीत. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत आणि बहुतेकांना त्यांनी चांगला उतार पडतो. आपल्या भागात मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखाली उभे राहायला माणसे आजही लाजतात. ज्यांना तिथवर जाणे जमत नाही, त्यांनी शासनाच्या 'टेली-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

जेमिमाने आणखी एक सांगितले, ते नातेवाइकांसाठी. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला तिची अवस्था ठाऊक होती. सरावाच्या वेळी ती नुसती येऊन जवळ उभी राहायची, फारसे बोलायची नाही. "मन घट्ट कर", "चांगले विचार कर" असले शंभर उपदेश रुग्णाच्या डोक्यावर ओतणाऱ्या मंडळींनी हे जरूर करून पाहावे.

राहता राहिला अंतिम सामना, २ नोव्हेंबरचा. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा झेल हरमनप्रीतने टिपला. ५२ धावांनी विजय. एक दिवसही भारताकडून न खेळलेला मुंबईचा अमोल मुझुमदार प्रशिक्षक म्हणून मैदानात उभा, आणि कर्णधार त्याच्या पाया पडते आहे. सामनावीर शेफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना सलामीच्या प्रतिका रावलचा घोटा दुखावला, म्हणून तिला बोलावले, आणि तिने ८७ धावा करून वर दोन बळीही घेतले.

प्रतिकाने "मी खेळतेच" असा हट्ट धरला नाही. त्या रात्री जल्लोष चालू असताना तिला चाकांच्या खुर्चीतून मैदानात आणले. पाय आधारपट्टीत, खांद्यांवर तिरंगा, आणि भोवती साऱ्याजणी नाचत होत्या. सकाळी नऊला दवाखाना उघडायचा होता, तरी तेवढे पाहिल्याशिवाय मी टीव्ही बंद केला नाही.