चाँदरातीला दारू सोडणाऱ्यांसाठी

रमजानचा चाँद दिसला की आपल्या मोहल्ल्यातले काही जण दारू बंद करतात. रोज पिणारा माणूस त्या रात्रीपासून थेंबाला शिवत नाही, तरावीहला उभा राहतो, घरचे शुक्र मानतात. मला त्याच्या हिमतीबद्दल आदर आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याने अशी एकाएकी दारू तोडणं जिवावर बेतू शकतं, हे आपल्यात कुणी सांगत नाही.

वर्षानुवर्षं दारूने दाबून ठेवलेला मेंदू ती थांबताच उसळतो. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, दिवसरात्रीचं भान जातं. घरात कुणी म्हणतं रोजा लागला, कुणी म्हणतं साया पडला, आणि दवाखाना राहून जातो. खरं तर हेच दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शांत करणाऱ्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करत आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देऊन सुखरूप काढता येतात. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, कजा नंतर करता येतो.

खरी परीक्षा मात्र ईदनंतर. तलफ परत येते तेव्हा आपण त्याला कसम आठवून देतो, गोळीचं नाव कुणी काढत नाही. नाल्ट्रेक्सोनमुळे दारूची मजा फिकी पडते. ती सहसा दिवसातून एकदाच घ्यायची असते, पण यकृत तपासून, आणि अफूवर्गीय औषधं चालू असतील तर नाहीच. अकॅम्प्रोसेट दारू सोडलेली टिकवायला मदत करतं, त्याआधी मूत्रपिंड तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ही दोन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

आपल्या घरांना माहीत असलेली गोळी तिसरीच, डायसल्फिराम. १९४८ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ती पुढे आणली. ही घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. कुणी ती नवऱ्याच्या डाळीत गुपचूप मिसळते. तिची हतबलता मला कळते, तरीही सांगतो, हे करू नका. त्याला ठाऊक नसतं, तो पितो, आणि हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो.

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या २०१९ च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकानेच काही उपचार मिळाल्याचं सांगितलं. आपल्यात तर आधी "आमच्यात कुणी पीत नाही" ही भिंत ओलांडावी लागते. बहिणीचं स्थळ मोडेल म्हणून भावाचा आजार लपवला जातो. हराम आहे हे पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. ते पुन्हा ऐकवून फिट थांबत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक विकार आजारांतच मोजले आहेत.

म्हणून रमजानची वाट न पाहता शाबानमध्येच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. बहीण करू शकते, मुलगाही करू शकतो.