उचलीचा हिशेब आणि लेकीचं वाचन



दसरा झाला, की आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळांचे बाक रिकामे व्हायला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायला पाच-सहा महिने फडात राबायचं. थोरली मुलगी बरोबर न्यायची, म्हणजे कोपीवर भाकरी थापायला नि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते, तेव्हा पोर जोडाक्षरं विसरलेली असते.

माझ्या सातवीच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. ती जाणार असं कळलं, तेव्हा एका संध्याकाळी घरचं आवरून मी तिच्याकडे गेले. खरं सांगते, मनात भाषण जुळवूनच गेले होते. सावित्रीबाई, १८४८ सालची पुण्याची शाळा, सगळं! आजीनं ऐकून घेतलं नि म्हणाली, “बाई, शिकून काय कलेक्टर व्हनार हाय व्हय? आज ना उद्या कोयताच धरायचा.”

माझं भाषण तिथंच संपलं.

तेवढ्यात मुलीच्या आईनं मुकादमाची वही आणली. “बाई, एवढं बघता का?” मी वही मुलीच्या हाती दिली. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मागच्या हंगामात फिटलेले चार हजार वजा झालेलेच नव्हते. आई म्हणाली, “अंगठा तर मीच उठवला की गं.”

मुकादमानं बरीच कुरकुर करून निम्मे पैसे वजा केले. तेवढ्यावरच भागलं. पण त्या वर्षी मुलगी आजीजवळ राहिली.

आता थोडं आपल्या उपयोगाचं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला, शेजारणीला हे जरूर सांगा. मुलं गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. मुख्याध्यापकांकडे दसऱ्याआधीच चौकशी करावी. न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळं सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला, दाखला नाही म्हणून शाळेला परत पाठवता येत नाही. आणि जोडी हवी म्हणून कुणी अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरवत असेल, तर १०९८ वर फोन करावा.

घरी काय करावं? रोज दहा मिनिटं मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. पुस्तकच हवं असं नाही. दुकानाची पावती, लाइटचं बिल, औषधाच्या बाटलीवरचा कागद, काहीही चालेल. चुकली तर हसू नये. आपल्याला वाचता येत नसेल, तर नुसतं जवळ बसून ऐकावं. आपलं वाचन घराच्या कामी येतं, हे तिला कळलं पाहिजे. आणि तिच्याआधी घरातल्यांना!

त्या आजीला आता रोज दिवेलागणीला नातीकडून हरिपाठ वाचून हवा असतो. परवा मला म्हणाली, “बाई, औंदा बी तिला ठिवून घेतलीय. माझं वाचायचं राहतं ना!”